ओंकारेश्वरच्या नावाड्याचा दिवस

पहाटे ४.३०

रात्रभर उभ्या असलेल्या लाकडी नावेत पाणी साचतंच. थोडं फळ्यांच्या सांध्यांतून झिरपतं, थोडं दंवाचं. दक्षिण तीरावरच्या पायऱ्यांशी बांधलेल्या नावेत नावाडी उतरतो आणि तेलाच्या कापलेल्या डब्यानं आधी ते पाणी उपसून टाकतो. मग बॅटरी दातांत धरून दोन्ही हातांनी तळाचे सांधे चाचपत जातो. जिथं बोटाला ओल जास्त लागते तिथं खडूनं खूण करतो. दुरुस्ती दुपारी. आत्ता एवढंच बघायचं, की आजचा दिवस नाव माणसं नेण्याजोगी आहे का.

त्यानंतर तो पायऱ्या बघतो. काल दिवस मावळताना पाणी कितव्या पायरीला होतं आणि आता कितव्या, हे ओल्या दगडाच्या रंगावरून कळतं. ओंकारेश्वरचं धरण गावाच्या अगदी वरच्या अंगाला, घाटावरून दिसेल एवढ्या अंतरावर आहे. तिथलं ५२० मेगावॉटचं वीजघर २००७ साली सुरू झालं. त्याचे आठ संच आहेत. संच चालू झाले की घाटावर पाणी चढतं, बंद झाले की उतरतं. नावाड्याच्या आजोबांना पाणी ऋतूंनी ओळखता यायचं. आषाढात केवढं, माघात केवढं, याचा त्यांना अंदाज असे. नातवाला एका दिवसात दोन-तीनदा नवी नदी वाचावी लागते. पाणी चार पायऱ्या खाली गेलं की कालपर्यंत बुडालेला खडक आज नावेच्या तळाला लागू शकतो. हे खडक त्याला पाठ आहेत, पण आज प्रत्येकावर पाणी किती आहे, हे रोज नव्यानं पाहावं लागतं.

पहाटे ५.३०

घाटावर पहिली चाहूल लागते ती वऱ्हाडी बोलण्याची. ओंकारेश्वर मध्य प्रदेशात, खंडवा जिल्ह्यात. पण इथं शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास आहे आणि बुलडाणा, अकोल्याकडच्या बसगाड्या रात्रीतून बऱ्हाणपूर-खंडवा करत इथं येऊन लागतात. आंघोळी उरकून, कपाळाला बुक्का लावून माणसं घाट उतरतात. नावाडी निमाडी बोलतो, हिंदी बोलतो आणि इतक्या वर्षांत प्रवाशांकडून उचललेली मराठीही बोलतो. "या माय, इकडून. शेवाळ आहे, पाय जपून."

शेगावच्या माणसांना या पाण्याची ओढ का, हे विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. दासगणू महाराजांच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात सोमवती अमावस्येच्या पर्वणीची कथा आहे. बंकटलाल, मार्तंड पाटील वगैरे मंडळी महाराजांना घेऊन ओंकारेश्वरी आली. परतताना गर्दीमुळे सडक सोडून नावेनं खेडीघाट स्टेशनाकडे निघाली. वाटेत नाव खडकावर आपटली, फळी फुटली, पाणी आत येऊ लागलं. बरोबरची माणसं घाबरून गेली. महाराज भजनात होते. कथा सांगते, की नर्मदा स्वतः कोळिणीच्या रूपात आली आणि भोकाला हात लावून तिनं नाव काठाला पोचवली.

शेगावात लहानपणी पारायणाला बसलेल्या प्रत्येकानं ही कथा ऐकलेली असते. मीही ती माजघरात आजीशेजारी बसून ऐकली. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त महाराज होते. इथं घाटावर दिवस काढल्यावर त्या कथेतली फळी दिसू लागली, खडक दिसू लागला. भक्तांनी तारणहाराला कोळिणीचं रूप दिलं, हेही किती नेमकं आहे. पाण्यावर माणसाला वाचवायचं तर पाण्यावरच जगणाऱ्या बाईचे हात हवेत, हे त्या कथेला ठाऊक आहे.

सकाळी ६.३०

आता फेऱ्यांना वेग येतो. दक्षिण तीरावर ममलेश्वराचं देऊळ, पलीकडे मांधाता बेटावर ओंकारेश्वराचं, आणि मधून नर्मदा. ज्योतिर्लिंग एकच, पण दर्शन दोन्हीकडे घ्यायची रीत आहे. बेटावर जायला पूल आहेत, झुलता पूल आहे. पायी जाणाऱ्याचं नावेवाचून काही अडत नाही. तरी गुडघे दुखणारी म्हातारी माणसं नावच धरतात. कोटितीर्थ घाटाला उतरलं की देऊळ डोक्यावरच.

माणसं बसवणं ही नावाड्याची पहिली विद्या. आम्हा वऱ्हाडच्या माणसांची सवय एसटीची. ओळखीच्यांनी एका बाजूला, एकमेकांना चिकटून बसायचं. नावेत ते चालत नाही. तो एकेकाला हात देऊन उतरवून घेतो आणि जागा दाखवतो. जड माणूस मधल्या आडव्या फळीवर, लेकरं आत, पोरं दोन्ही कडांना सारखी. नवरा-बायकोला समोरासमोर बसवतो. कुणी कुरकुरलं तर म्हणतो, "तिकडं गेल्यावर बसा ना जोडीनं."

मग लाइफ जॅकेट. इथं तो कुणाचं ऐकत नाही. आज पूर्णाकाठच्या खेड्यातली एक आजी होती. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पितळी गडू. जॅकेट बघून म्हणाली, "मले कायले हे? महाराज हायेत ना!" नावाडी तिच्यापुढे उकिडवा बसला, स्वतःच पट्टे आवळले आणि म्हणाला, "महाराज आहेतच, माय. पट्टा माझ्यासाठी बांधा." आजी हसली आणि गप्प बसली.

ही सक्ती कुणाला जाचक वाटत असेल तर त्यानं झुंज आठवावं. २०२१ च्या सप्टेंबरात अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात, झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. ती आपल्याच मुलखातली माणसं. आपल्याकडे घरटी पोहायला येणारं माणूस शोधावं लागतं. पूर्णा श्रावणात काठ सोडून वाहते आणि वैशाखात तिचे डोह उरतात. अशा नदीकाठी वाढलेल्याला खोल, बारमाही, वाहत्या पाण्याचा अंदाज येणार कुठून?

नाव मधोमध आल्यावर त्या आजीनं कड घट्ट धरून गडू पाण्यात बुडवला आणि एक घोट घेतला. "गोड हाय वं," शेजारणीला म्हणाली. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगावच्या उत्तरेची कितीतरी गावं त्यात येतात. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. जन्मभर ते पाणी शेंदलेल्या बाईला नर्मदेत पहिल्यांदा काय जाणवत असेल, तर ही चव.

सकाळी ९.००

घाटावर पांढऱ्या कपड्यांतली, पाठीवर पिशवी आणि हातात दंड असलेली माणसं दिसतात. हे परिक्रमावासी. कार्तिकात चातुर्मास संपला की परिक्रमा उचलायला ओंकारेश्वरला गर्दी होते आणि त्यात मराठी माणसं पुष्कळ असतात. संकल्प सोडायचा, लहान कुपीत नर्मदेचं पाणी भरून घ्यायचं आणि नदी उजव्या हाताला ठेवून चालू लागायचं. जुना नेम तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा. आता बहुतेक जण काही महिन्यांत पुरी करतात.

या माणसांना नावाडी नावेत घेत नाही. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. संकल्प दक्षिण तीरावर सोडला की समोरच्या बेटावरचा ओंकारेश्वर लांबूनच हात जोडण्यापुरता. देवळाचा कळस दिसतो, घंटा ऐकू येते, पण जायचं नाही. नाव फक्त समुद्राशी, भरूचच्या खाली, नदीचं मुख ओलांडून मिठीतलाईला जाताना. तीही भरतीची वेळ साधून. पाण्याचा माग काढत चाललेल्या माणसाला एवढ्या लांबच्या वाटेत नाव एकदाच मिळते.

एक नवखा पुणेकर तरुण नावेकडे येऊन भाडं विचारू लागला. नावाड्याची नजर त्याच्या कुपीवर गेली. "संकल्प झाला का?" तरुण हो म्हणाला. "मग नाही, भैया. चालून या, मग नेतो." परिक्रमा पुरी करून आलेले लोक कुपीतलं पाणी ओंकारेश्वराला वाहायला याच नावेनं पलीकडे जातात. त्यांच्याकडून तो इतरांइतकंच भाडं घेतो, पण नाव मधोमध थांबवून इंजिन बंद करतो. महिनोन्महिने जिच्या काठानं चालले, तिच्या मधोमध ते, समुद्राशी ओलांडलेलं मुख सोडलं तर, पहिल्यांदाच असतात.

सकाळी ११.००

धरणाचा भोंगा वाजला. नावाड्यानं हातातलं काम टाकलं आणि आधी पोराला पायऱ्यांवर पिटाळलं. पाण्यात उतरलेल्या माणसांना वर काढायचं. घाटभर ओरडा सुरू झाला. "ऊपर आओ, पानी छूट रहा है!" नावा काठाला लागल्या, प्रवासी उतरवले. थोड्या वेळानं खरोखरच पायरीमागून पायरी गिळत पाणी वर आलं. रंग तोच, आवाज मात्र वेगळा. ओढ वाढली की पाणी दगडाशी घासून बोलतं.

भोंग्याचं मोल इथल्या माणसांना फार जबर किमतीत कळलेलं आहे. ७ एप्रिल २००५ रोजी, भूतडी अमावस्येच्या जत्रेला देवास जिल्ह्यातल्या धाराजीला लोक नदीपात्रात होते. इंदिरा सागर धरणातून सोडलेलं पाणी अचानक आलं आणि ६० हून अधिक माणसं वाहून गेली. अंधारात वाळूत निजलेल्यांना नदी उठवायला आली, असं इथले म्हातारे सांगतात. पावसाचं पाणी येतं तेव्हा आधी ढग येतात, वारा बदलतो, पाणी गढूळ होतं. सोडलेल्या पाण्याला आधीची काहीच खूण नसते.

धरणानं वीज दिली, कालवे दिले, आणि त्याच पाण्यात गावंही गेली. २०१२ साली वरच्या अंगाच्या घोघलगावात लोक १७ दिवस गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, जमिनीसाठी. नावाड्याचं नुकसान त्या मानानं लहान. दिवसाचे दोन-तीन तास बुडतात. पण ते तास नेमके कुठले, हे त्याला आदल्या दिवशी कुणी सांगत नाही. शेगावहून बस भरून आलेली माणसं काठावर बसून राहतात आणि त्यांची परतीची वेळ ठरलेली असते. पाणी केव्हा सुटणार, याची पाटी रोज सकाळी घाटावर लागली, तर नावाडी आणि यात्रेकरू दोघांचेही हाल वाचतील. एवढं मागणं फार नाही.

दुपारी १.००

भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. जेवण होताच खडूच्या खुणा. नाव अर्धी काठावर ओढली जाते. जुन्या सुताची वात वळायची, डांबरात बुडवायची आणि बोथट पटाशीनं फटीत ठोकायची. हातोडीचे घाव हलके आणि पुष्कळ. जोरानं ठोकलं तर फळीच चिरते. वात आत गेली की वरून गरम डांबर. तो अंगठ्यानं ते सारखं करतो. अंगठ्याचं टोक काळं आणि निबर झालेलं आहे, चटका त्याला कळत नाही. एवढं करून तो फळीला कान लावतो आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारत जातो. भरीव आवाज आला की फळी शाबूत. बद्द आवाज आला की आतून सडायला लागली. आजच्या फळ्यांतली एक बद्द बोलली. उद्या सुतार.

हे बघताना मनात येत होतं, की आपल्या राज्यात अशी किती माणसं असतील ज्यांना नाव हौसेसाठी लागत नाही, रोजच्या जगण्यासाठी लागते. हीच नर्मदा पुढे नंदुरबार जिल्ह्याच्या कडेनं जाते. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत सरदार सरोवराच्या फुगवट्यानं पाडे तुटले आहेत. तिथं दवाखानासुद्धा नावेतून जातो. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० साली, करोनाच्या काळात, स्वतः वल्ही मारत १८ किलोमीटर जाऊन बाळांची वजनं घेत होत्या, गरोदर बायांना आहार पोचवत होत्या. आणि २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली नाव वादळात उलटली, सहा जण गेले. ती माणसं फिरायला निघालेली नव्हती. रस्त्यानं फार मोठा वळसा पडतो म्हणून त्या काठचे लोक नावेत बसतात.

२०१६ च्या कायद्यानं देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले. आमची पूर्णा ज्या तापीला चांगदेवाशी मिळते, ती तापीही त्या यादीत आहे. मालाची जहाजं जेव्हा येतील तेव्हा येवोत. त्याआधी जिथं माणसं आजच नावेनं जातात तिथं धड धक्का, पुरेशी लाइफ जॅकेटं, वर्षातून एकदा तरी नावेची तपासणी आणि वाऱ्याचा इशारा वेळेवर पोचवणारा एक माणूस हवा. नदी कुठून किती टन माल नेऊ शकते याचे अहवाल निघतात. कुगावच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाची गरज त्याहून किती साधी आहे.

दुपारी ३.३०

पाणी स्थिरावलं, नावा सुटल्या. आता बेटाच्या पश्चिम टोकाकडे, संगमाची फेरी. मांधाता बेटाच्या दोन्ही अंगांनी आलेले प्रवाह इथं पुन्हा एक होतात. उत्तरेकडच्या धारेला इथले लोक कावेरी म्हणतात. काठाला काळ्या खडकांची रांग, मधून मधून भोवरे. डोंगरावर २०२३ साली उभा राहिलेला शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा नावेतून वर मान करून पाहावा लागतो.

नावेत जळगाव जामोदकडचं एक कुटुंब होतं. बापानं तो प्रश्न विचारलाच, जो इथं येणारा प्रत्येक गजाननभक्त विचारतो. "भाऊ, महाराजाईची नाव कोन्त्या खडकावर आपटली होती?"

इतक्या खडकांपैकी एकाकडे बोट दाखवणं सोपं होतं. प्रवासी सुखावले असते, फोटो निघाले असते, दोन पैसे जास्त मिळाले असते. नावाड्यानं मान हलवली. "ते मला नाही माहीत, दादा. माझ्या बापाला पण नव्हतं. खोटा खडक कसा दाखवू? नदी हीच, एवढं खरं." बापानं नदीलाच नमस्कार केला. त्याच्या शाळकरी मुलीला मात्र वेगळीच शंका होती. भोक पडलेली नाव बुडायला किती वेळ लागतो? नावाड्यानं तिला नीट सांगितलं. भोक केवढं, नावेत माणसं किती, आणि माणसं हलली की काय होतं. सगळे एका बाजूला धावले तर भोकाच्या पाण्याआधी नाव कलंडूनच बुडते. जागेवर बसून राहिलं, एकानं कापड कोंबलं आणि दुसऱ्यानं पाणी उपसलं, तर काठ गाठायला वेळ मिळतो. मुलगी परत येईपर्यंत जागेवरून हलली नाही.

सायंकाळी ५.४५

सूर्य डोंगराआड गेला की प्रवासी नेणं बंद. कुणी कितीही पैसे देऊ केले तरी अंधारात नाव सुटत नाही. घाटावर आरती सुरू होते, पानांच्या द्रोणांतले दिवे पाण्यावर सोडले जातात. भक्तनिवासातली माणसं जेवणाच्या वेळेआधी परत निघतात. काही जण शयनआरतीसाठी थांबतात. ओंकारेश्वराच्या देवळात रात्री शिवपार्वतीसाठी सारीपाट मांडून ठेवतात, तो पाहायचा असतो.

नावाडी जॅकेटं दोरीवर वाळत टाकतो, फाटलेला पट्टा बाजूला काढतो, इंजिनात डिझेल किती उरलं ते काडी बुडवून पाहतो. मग नाव बांधणं. रात्री वीजघराचे संच चालू झाले की पाणी चढणार. दोर आखूड राहिला तर चढत्या पाण्यात नाव एका कडेला खेचली जाऊन भरते. दोर लांब सोडला तर उतरत्या पाण्यात ती खडकावर बसते आणि तळ फुटतो. म्हणून तो दोन दोर बांधतो. एक पायरीच्या कड्याला, ढिला. दुसरा पाण्याच्या बाजूला टाकलेल्या दगडी नांगराला, ताणलेला. गाठ अशी, की अंधारात एका हिसक्यात सुटावी.

रात्री ८.१५

फोन वाजतो. शेगावहून उद्या रात्री निघणाऱ्या बसचा माणूस बोलतोय. पंचवीस-तीस जण आहेत, दोन आजीबाईंना पायऱ्या उतरता येत नाहीत, एक तान्हं बाळ आहे. नावाडी आधी विचारतो, बस पोचणार कधी. मग सांगतो, की गोमुख घाटाला आणू नका, तिथं पायऱ्या उंच आहेत. ब्रह्मपुरी घाटाला आणा, आजींना मी खुर्चीवर उचलून घेईन. सगळ्यांना एका फेरीत नेणार नाही, तीन फेऱ्या करीन. पलीकडून आवाज येतो, "तीन कायले? दोनात होईन ना!" नावाडी शांतपणे म्हणतो, "नाही होणार. तीन." आणि बाळाच्या मापाचं जॅकेट घाटावर कुणाकडे आहे, ते विचारायला शेजारच्या नावेकडे जातो.